हार्लेमच्या तीन मुली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲमस्टरडॅमहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांत हार्लेम येतं. मी इथे राहते. भारतातून आलेले पाहुणे आणि इथल्या मराठी मित्रमंडळींची शाळकरी मुलं, यांना मी गेली काही वर्षं या गावातल्या तीन मुलींची गोष्ट सांगत आले आहे. महायुद्धावरच्या थरारक मालिका पाहिलेल्यांना आधी एकच शंका येते, असं खरंच कुणी केलं होतं का? त्यानंतरचे प्रश्नही पुन्हा पुन्हा तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या तीन मुली कोण? त्या खरंच होऊन गेल्या का?

हो, तिघीही खऱ्या. हान्नी स्खाफ्ट आणि दोघी बहिणी, त्रुस आणि फ्रेडी ओव्हरस्टेखेन. नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँडमध्ये हार्लेमच्या भूमिगत गटात त्यांनी काम केलं. हान्नीचा जन्म १६ सप्टेंबर १९२० चा. तिचं खरं नाव यानेत्ये योहाना, घरी हाक मारायचे ‘यो’. ‘हान्नी’ हे भूमिगत नाव पुढे इतकं रुळलं की आज इथल्या रस्त्यांना आणि शाळांना तेच आहे. त्रुस १९२३ ची, फ्रेडी १९२५ ची. हान्नीला युद्ध संपायला तीन आठवडे उरले असताना गोळ्या घातल्या. दोघी बहिणी मात्र नव्वदी ओलांडून गेल्या. त्रुस २०१६ मध्ये वारल्या, आणि फ्रेडी ५ सप्टेंबर २०१८ ला, आपल्या ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

२. तेव्हा नेदरलँडमध्ये नेमकी काय परिस्थिती होती?

१० मे १९४० ला जर्मन सैन्य घुसलं, १४ मेला रॉटरडॅमवर बाँब पडले आणि पाच दिवसांत देश शरण गेला. राणी विल्हेल्मिना आणि सरकार लंडनला निघून गेलं. हिटलरने आर्थर झाइस-इन्क्वार्ट या ऑस्ट्रियन नाझीला इथला प्रशासक नेमलं. पहिले काही महिने रोजचं जगणं फारसं बदललं नाही, आणि फसगत तिथेच झाली. फर्मानं एकेक करून येत गेली : ज्यूंना नोकरीतून काढणं, नोंदणी, कपड्यावर पिवळा तारा, मग छळछावण्यांकडे नेणाऱ्या मालगाड्या. फेब्रुवारी १९४१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कामगारांनी ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध संप केला, तो चिरडला गेला. देशात सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यातले एक लाखाहून जास्त मारले गेले. ॲन फ्रँक आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. ती लपली होती ते घर हार्लेमपासून वीसेक किलोमीटरवर आहे.

३. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना असल्या कामात कुणी आणि का घेतलं?

१९४१ मध्ये फ्रान्स फान डेर वील नावाचा माणूस ओव्हरस्टेखेनांच्या दारात उभा राहिला. हार्लेममधला भूमिगत गट तो बांधत होता. फ्रेडी तेव्हा जेमतेम पंधराची, दोन वेण्या घालणारी. बघणाऱ्याला ती बारा वर्षांची वाटे. त्याला नेमकं तेच हवं होतं. तपासणी नाक्यावर तरण्या मुलाला हटकून अडवायचे आणि जर्मनीतल्या कारखान्यात वेठबिगारीला धाडायचे. वेणीवाल्या मुलीला कोण अडवणार?

त्याने आधी आईची परवानगी मागितली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आई त्रेंत्ये फान डेर मोलेन नवऱ्यापासून वेगळी राहायची, कट्टर कम्युनिस्ट, घरात पैशाची चणचण. मुली लहान असताना हे कुटुंब एका बार्जवर राहत होतं आणि गवत भरलेल्या गाद्यांवर झोपत होतं. तरी युद्धाआधीच जर्मनीतून पळून आलेल्यांना या घरात आसरा मिळायचा. आईने हो म्हटलं, पण एक अट घातली : काहीही झालं तरी माणूस राहायचं. मुलींना तेव्हा वाटलं होतं पत्रकं वाटायची आहेत. काम खरं काय आहे ते नंतर कळलं. पूल आणि रूळ उडवायला शिकायचं, आणि बंदूक चालवायलाही.

४. हान्नी तर कायद्याची विद्यार्थिनी होती. ती यात कशी आली?

मैत्रिणींमुळे. हान्नी शिक्षकाची मुलगी, लाजाळू, अभ्यासू. थोरली बहीण लहानपणीच घटसर्पाने गेलेली, त्यामुळे आईवडिलांनी हिला जिवापाड जपलेलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तिच्या दोन जिवलग मैत्रिणी ज्यू होत्या. त्यांच्यासाठी तिने अनोळखी बायकांची ओळखपत्रं चोरली. तिची सुरुवात ही अशी, दुसऱ्याच्या पर्समधून ओळखपत्र काढण्याची. पुढे त्यातली एक मैत्रीण हार्लेममध्ये हान्नीच्या आईवडिलांच्या घरी लपून वाचली, दुसरी ऑशविट्झला मारली गेली.

१९४३ च्या वसंतात विद्यार्थ्यांना जर्मन सत्तेशी एकनिष्ठ राहण्याच्या कागदावर सही करायला सांगितलं. सही नाही तर शिक्षण बंद. सुमारे ८५ टक्के विद्यार्थ्यांनी नकार दिला, हान्नीनेही दिला. विद्यापीठ सोडून ती हार्लेमला परतली आणि प्रतिकार परिषद या भूमिगत संघटनेच्या गटात दाखल झाली. तिची परीक्षा कशी घेतली ते इथे अजून सांगतात. तिला पिस्तूल दिलं, एक माणूस दाखवला आणि हा जर्मन गुप्त पोलिसांचा आहे, गोळी घाल, म्हणून सांगितलं. तिने चाप ओढला. नुसताच ‘टक्’ आवाज आला. पिस्तुलात गोळी नव्हती आणि समोरचा माणूस फान डेर वील स्वतः होता. हान्नी त्याच्यावर भयंकर चिडली. मला तरी तिचं चिडणं पटतं.

५. रोजचं काम काय असायचं? सारखी गोळीबारी चालायची का?

नाही. बहुतेक दिवस सायकलवर जायचे. पिशवीत तळाशी ‘दे वारहाइट’ (म्हणजे ‘सत्य’) या भूमिगत वर्तमानपत्राचे अंक, वर भाजी. कुणाला रेशनची कुपनं पोचवायची. एखाद्या ज्यू मुलाला हाताला धरून एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचं, वाटेत कुणी विचारलं तर भाचा म्हणायचं. पोलीस ठाण्यात कोण केव्हा येतो, कुठल्या रस्त्याने घरी जातो, याची आठवडेच्या आठवडे टेहळणी करायची. हान्नीला जर्मन अस्खलित यायचं, त्यामुळे ती शिपायांशी गप्पा मारत बरंच काढून घेई.

शेवटच्या हिवाळ्यात रबर मिळेना, तेव्हा लोक सायकलींना लाकडी टायर लावून फिरत होते. त्या ‘भुकेच्या हिवाळ्या’त पश्चिम नेदरलँडमध्ये वीस हजारांहून अधिक माणसं उपासमारीने मेली, लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. त्या तिघी याच दिवसांत काम करत होत्या, म्हणजे त्याही उपाशी होत्या. पडद्यावर ही भूक क्वचितच दिसते.

६. ताई, खोटं ओळखपत्र बनवणं एवढं अवघड का होतं? फोटो बदलला की झालं ना?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण सगळा थरार बंदुकीपेक्षा या कागदात आहे.

१९४१ पासून पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला ओळखपत्र सक्तीचं झालं. ते तयार केलं होतं याकोब लेंट्स नावाच्या डच सरकारी अधिकाऱ्याने. तो नाझी पक्षाचा नव्हता. आपलं काम निर्दोष असावं या एकाच ध्यासाने त्याने युरोपातलं नकल करायला सर्वांत कठीण असं कार्ड बनवलं. खास जलचिन्हाचा कागद, विशिष्ट दिव्याखाली वेगळी दिसणारी शाई, फोटो, आणि बोटाचा ठसा. ज्यूंच्या कार्डावर मोठं ‘जे’ अक्षर. शिवाय प्रत्येक कार्डाची जोडनोंद नोंदणी कार्यालयात. म्हणजे हातातलं कार्ड कितीही हुबेहूब असलं तरी संशय आला की कार्यालयातल्या नोंदीशी ताडून पाहायचं, आणि तिथे माणूस अडकायचा. एका कर्तव्यदक्ष कारकुनाने शत्रूला केवढी मदत केली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत अस्वस्थ करणारं पान वाटतं.

म्हणून काही कलावंतांनी नोंदणी कार्यालयच जाळायचं ठरवलं. शिल्पकार खेरिट फान डेर फेन, चित्रकार आणि लेखक विलेम आरोंडेयुस, चेलोवादक फ्रिडा बेलिन्फांते असे लोक त्यात होते. २७ मार्च १९४३ च्या रात्री पोलिसांचे गणवेश घालून त्यांची टोळी ॲमस्टरडॅमच्या कार्यालयात शिरली. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन बाहेर आणून ठेवलं, कुणालाही मारलं नाही. मग स्फोट करून आग लावली. अग्निशामक दल मुद्दाम उशिरा आलं आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारत राहिलं. जे जळलं नाही ते भिजून गेलं. सुमारे ८ लाख कार्डं गेली. म्हणजे एकूण नोंदींतला साधारण सातवा भाग.

पुढे फितुरी झाली आणि १ जुलै १९४३ ला त्यातल्या बारा जणांना समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत गोळ्या घातल्या. आरोंडेयुस समलिंगी होता आणि ते लपवत नसे. समलिंगी माणसं भेकड नसतात एवढं लोकांना सांगा, असा निरोप त्याने मरणाआधी ठेवला. बेलिन्फांते पुरुषाच्या वेषात फिरून निसटली आणि शेवटी स्वित्झर्लंडला पोचली.

अजून एक गोष्ट. लपलेल्या माणसाला रेशनकार्ड नसतं, म्हणजे अन्नही नसतं. १९४४ पर्यंत देशात तीन लाखांहून अधिक माणसं लपून राहत होती. त्यांच्यासाठी रेशन कार्यालयांवर दरोडे घालणारे वेगळे गट होते. पिस्तूल रोखून ते कुपनांची बंडलं पळवायचे.

७. हे सगळं धाडसाचं आहे, पण यात हेरगिरी कुठे आहे?

या तिघी लंडनने पाठवलेल्या हेर नव्हत्या, त्या गावातल्याच. पण हेरगिरीची एक भीषण कहाणी याच देशात घडत होती. जर्मन तिला ‘इंग्लंडश्पील’ म्हणजे इंग्लंडशी खेळलेला डाव म्हणत.

ह्यूब लाउअर्स हा ब्रिटनमध्ये तयार झालेला डच वायरलेस ऑपरेटर. तो मार्च १९४२ मध्ये हेगमध्ये पकडला गेला. जर्मन प्रतिहेर खात्याच्या हेर्मान गिस्केसने त्याला लंडनला संदेश पाठवत राहायला लावलं. लाउअर्स तयार झाला, कारण त्याच्याकडे एक खूण होती. प्रत्येक संदेशात ठरलेल्या जागी मुद्दाम एक चूक करायची असे. चूक दिसली नाही तर लंडनने समजायचं की माणूस पकडला गेला. त्याने ती चूक गाळली. लंडनने लक्षच दिलं नाही. त्याने निरर्थक अक्षरांमध्ये ‘पकडलो’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तोडून घुसवला. तरी तिकडे कुणाला उमगलं नाही. उलट, पुढची माणसं कुठे उतरवू, असा संदेश आला.

मग एकामागून एक हेर पॅराशूटने उतरत राहिले, आणि खाली त्यांना हात द्यायला जर्मन उभे असायचे. पन्नासाहून अधिक जण असे सापडले. ऑगस्ट १९४३ मध्ये पीटर दुर्लेन आणि बेन उबिंक हारेनच्या तुरुंगातून पळाले आणि स्वित्झर्लंड, स्पेनमार्गे कसेबसे ब्रिटनला पोचले. तोवर जर्मनांनी त्याच वायरलेसवरून कळवून ठेवलं होतं की हे दोघे फुटले आहेत. ब्रिटनने त्यांनाच कोठडीत टाकलं. १ एप्रिल १९४४ ला गिस्केसने लंडनला उघड्या भाषेत खिजवणारा निरोप धाडून डाव संपवला. पकडलेल्यांपैकी बहुतेकांना ठार केलं, त्यातल्या अनेकांना सप्टेंबर १९४४ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत.

हार्लेमच्या मुलींशी याचा संबंध असा, की लंडनहून येणारी शस्त्रं आणि माणसं जवळजवळ दोन वर्षं शत्रूच्या हाती पडत होती. त्या काळात गावोगावच्या गटांना जे करायचं ते आपल्या बळावरच करावं लागलं.

८. त्यांनी किती माणसं मारली?

आकडा त्यांनी कधीच सांगितला नाही. फ्रेडीला कुणी विचारलं तर त्या म्हणत, सैनिकाला हा प्रश्न विचारायचा नसतो. मीही तो शोधत बसत नाही.

पद्धत माहीत आहे. एक मार्ग असा : जर्मन अधिकारी किंवा डच फितुराशी दारूच्या गुत्त्यात ओळख काढायची, रानात फिरायला येतोस का विचारायचं, आणि तिथे गटातला माणूस वाट पाहत असायचा. हार्लेमच्या जंगलात पहिल्यांदा हे घडलं तेव्हा त्रुस त्या माणसाबरोबर चालत होती आणि फ्रेडी टेहळणीवर होती. दुसरा मार्ग सायकलचा : डबलसीट जायचं, पुढचीने पॅडल मारायचं, मागचीने गोळी झाडायची, आणि गल्लीत शिरून नाहीसं व्हायचं.

म्हातारपणी फ्रेडींनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गोळी लागून माणूस कोसळताना पाहिलं की पहिल्या क्षणी वाटतं, धावत जाऊन त्याला उठवावं. त्रुस सांगत की त्या नंतर रडायच्या. पडद्यावर थंड डोळ्यांची मारेकरी मुलगी दाखवतात, तेव्हा मला या दोन म्हाताऱ्या आठवतात आणि तो प्रसंग पुढे बघवत नाही.

९. त्यांनी कधी एखादं काम नाकारलं का?

हो. झाइस-इन्क्वार्टच्या मुलांना पळवायचं आणि त्यांच्या बदल्यात कैदी सोडवायचे, असा बेत त्यांच्यापुढे आला होता. अदलाबदल फसली तर मुलांना मारावं लागणार होतं. मुलींनी नकार दिला, पोरांना आम्ही हात लावणार नाही म्हणून. आदेश वरून आला होता, तरी त्या हटल्या नाहीत. प्रश्न ३ मधली आईची अट इथे उपयोगी पडली असं मी मानते.

१०. एका फितुराच्या बदल्यात निरपराध माणसं मारली जायची, हे माहीत असून हत्या का केल्या?

हे मला कॉलेजची मुलं विचारतात, आणि बरोबर विचारतात. हार्लेममध्येच घडलेलं सांगते. फाके क्रिस्ट हा इथला पोलीस, लपलेले ज्यू आणि भूमिगत कार्यकर्ते हुडकून काढण्यात कुप्रसिद्ध. २५ ऑक्टोबर १९४४ ला हान्नी आणि त्रुस त्याच्यासाठी दबा धरून बसल्या होत्या. त्यांच्या आधीच दुसऱ्या एका गटाने वेस्टरग्राख्ट या रस्त्यावर त्याला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी तुरुंगातून दहा माणसं आणली, त्याच जागी रांगेत उभी केली आणि मारली. आजूबाजूची घरं पेटवली. रस्त्यावरून जाणाऱ्यांना थांबवून हे बघायला लावलं.

याचं उत्तर त्या काळातही एकमताने मिळालं नव्हतं. भूमिगतांतले अनेक गट, विशेषतः चर्चशी जोडलेले, हत्येच्या विरोधात होते. ज्यांनी केल्या त्यांचा युक्तिवाद होता की क्रिस्टसारखा माणूस जिवंत राहिला तर दर आठवड्याला घरंच्या घरं छळछावणीत जातात. माझ्यापुरतं मी एवढंच म्हणेन : त्या दहा जणांना मारण्याचा निर्णय जर्मन अधिकाऱ्यांचा होता, दोष त्यांचा. पण हा हिशेब मुलींच्या मनातून आयुष्यभर गेला नाही, म्हणून गोष्ट सांगताना तो मीही गाळत नाही.

११. हान्नी कशी पकडली गेली? कुणी फितुरी केली का?

पकडली गेली त्या दिवशी फितुरी नव्हती. पण तिची ओळख जर्मनांना नऊ महिने आधीच कळली होती.

२१ जून १९४४. झानदाममध्ये विलेम राखुट या पोलिसावर हल्ला. हान्नी सायकलवर पुढे होती, पहिली गोळी तिने झाडली. मागून तिचा साथीदार यान बोनेकाम्प आला. मरता मरता राखुटने त्याच्या पोटात गोळी घातली. बोनेकाम्प शुद्धीत नसल्यासारखाच होता, अशा माणसाकडून हान्नीचं नाव-पत्ता काढून घेतला गेला. त्याच दिवशी तो गेला. जर्मनांनी हान्नीच्या आईवडिलांना उचलून फुख्टच्या छावणीत टाकलं, म्हणजे ती शरण येईल. ती आली नाही. ते दोघे पुढे सुटले, पण त्या आठवड्यांत तिचं काय झालं असेल! काही काळ तिने काम थांबवलं होतं.

तिचे केस लालभडक होते, आणि जर्मन त्याच खुणेवर तिला शोधत होते. मग केस काळे केले, साध्या काचांचा चष्मा लावला, योहाना एल्डरकाम्प या नावाचं ओळखपत्र घेतलं. २१ मार्च १९४५ ला हार्लेममधल्या तपासणी नाक्यावर नेहमीसारखी झडती झाली. पिशवीत भूमिगत वर्तमानपत्रं आणि पिस्तूल. तरीही आपण कोणाला धरलंय हे त्यांना लगेच उमगलं नव्हतं. ॲमस्टरडॅमच्या तुरुंगात दिवस गेले तसे केस वाढले आणि मुळाशी लाल रंग दिसू लागला.

त्रुस तिला शोधायला जर्मन नर्सच्या वेषात तुरुंगापर्यंत जाऊन आली. उशीर झाला होता.

१२. ‘तुझ्यापेक्षा माझा नेम चांगला आहे’ असं ती मरताना म्हणाली, हे खरं का?

१७ एप्रिल १९४५ ला तिला ओव्हरफेनजवळच्या वाळूच्या टेकड्यांत नेलं. दोघे होते, एक जर्मन, एक डच. पहिली गोळी नीट लागली नाही, जखम झाली. मग दुसऱ्याने मारलं. इथवर पक्कं. त्या दोन गोळ्यांच्या मध्ये ती हे वाक्य बोलली असं सांगतात. तिथे तिच्या बाजूचं माणूस कुणीच नव्हतं, म्हणून मी ते गोष्टीत घेत नाही. ती चोवीस वर्षांची होती आणि ५ मेला देश सुटला, एवढं पुरेसं आहे.

१३. एवढं असून आम्ही हे नाव कधी ऐकलं कसं नाही?

काही वर्षं डच लोकांनाही ते ऐकायची सोय नव्हती. युद्धानंतर त्या टेकड्यांत ४२२ जणांचे अवशेष सापडले. ४२१ पुरुष, आणि एकच स्त्री, हान्नी. २७ नोव्हेंबर १९४५ ला राणी विल्हेल्मिनाच्या उपस्थितीत तिचा सन्मानाने दफनविधी झाला. पण तिचा गट कम्युनिस्टांच्या जवळचा. शीतयुद्ध सुरू झालं आणि ही जवळीक बोचू लागली. १९५१ मध्ये तिच्या थडग्यावर जाण्यास बंदी घातली, हजारो लोक निघाले तेव्हा पोलीस आणि लष्कराने त्यांना अडवलं.

दोघी बहिणींनाही तीच झळ लागली. त्रुस शिल्पकार झाल्या, थोरल्या मुलीचं नाव हान्नी ठेवलं आणि शाळाशाळांत जाऊन बोलत राहिल्या. फ्रेडी मागे राहिल्या, लग्न केलं, तीन मुलं झाली. लग्न आणि बाळंतपणं हाच माझा उपाय होता, असं त्या सांगत. रात्री झोप येत नसे. १९९६ मध्ये त्रुस यांच्या पुढाकाराने हान्नीच्या नावाने प्रतिष्ठान निघालं. सरकारी पदक दोघींना मिळालं २०१४ मध्ये, पंतप्रधान मार्क रुटे यांच्या हस्ते. तोवर युद्ध संपून ६९ वर्षं झाली होती.

१४. डचांनी स्वतः इंडोनेशियाला गुलाम ठेवलं होतं. मग त्यांच्या स्वातंत्र्याचं कौतुक आपण का करायचं?

आपल्या देशातून आलेल्या माणसाला हे सुचणारच, मलाही सुचलं होतं. ५ मे १९४५ ला सुटलेला हा देश त्याच वर्षापासून १९४९ पर्यंत इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याविरुद्ध लढला. हे खरं आहे आणि लाजिरवाणं आहे.

पण माणसं पाहा. नेदरलँडमध्ये शिकणारे इंडोनेशियन विद्यार्थी नाझींविरुद्ध भूमिगत कामात उतरले होते. त्यातला इरावान सुयोनो १३ जानेवारी १९४५ ला लायडनमध्ये सायकलवरून चक्रमुद्रण यंत्र नेताना जर्मनांच्या गोळीला बळी पडला. ते यंत्र भूमिगत वर्तमानपत्रासाठी होतं. ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या नावाचा रस्ता आहे. आणि उलट बाजूने पोंके प्रिन्सेन. नाझींच्या तुरुंगात राहिलेला हा डच तरुण पुढे सैनिक म्हणून इंडोनेशियाला धाडला गेला. आपण आता कुणाच्या जागी उभे आहोत ते त्याला दिसलं, आणि १९४८ मध्ये तो डच सैन्य सोडून इंडोनेशियन लढवय्यांना जाऊन मिळाला. तो २००२ मध्ये वारला, शेवटपर्यंत तिथलाच नागरिक. त्याच्या मायदेशात अनेकांच्या लेखी तो देशद्रोहीच राहिला. कौतुक करायचं तर मी या दोघांपासून सुरुवात करते.

१५. मला या विषयावर मराठीत कादंबरी लिहायची आहे. कुठे चुकायला होतं?

सगळे डच भूमिगत होते असं चित्र रंगवू नका. बहुतेक लोक मान खाली घालून जगले, वीस हजारांहून अधिक डच तरुण जर्मन गणवेशात लढले, आणि ज्यूंना घरातून बाहेर काढायला अनेकदा डच पोलीसच यायचे. या मुलींना सर्वांत जास्त भीती शेजाऱ्याची होती.

‘इतका सुंदर चेहरा आणि हातात पिस्तूल’ हे वर्णन टाळा. हान्नी कामगिरीवर निघताना पावडर-लिपस्टिक लावायची, मरायचं तर नीट आवरून मरावं म्हणून. तो तिचा धीर होता, तसाच लिहा. ओळखपत्रांचा तपशील (प्रश्न ६) आणि वायरलेसची खूण (प्रश्न ७) नीट समजून घ्या. पात्राला भूक लागू द्या. आणि तिघींची वयं विसरू नका. युद्ध संपलं तेव्हा फ्रेडी एकोणीस वर्षांची होती.

१६. हार्लेमला आलो तर काय पाहता येईल?

स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर केनाऊ पार्क आहे. १५७३ च्या वेढ्यात स्पॅनिश सैन्याविरुद्ध उभी राहिलेल्या केनाऊ या हार्लेमच्या बाईचं नाव त्याला दिलं आहे. तिथे प्रतिकारातल्या स्त्रीचा पुतळा आहे, तो खुद्द त्रुस यांनी घडवलेला. १९८२ मध्ये बसवला.

मग ओव्हरफेनपर्यंत ट्रेन आणि पुढे सायकल किंवा पायी, वाळूच्या टेकड्यांतलं ब्लूमेंडालचं सन्मान-दफनभूमीचं ठिकाण. थडगी एकसारखी, सपाट. प्रश्न ६ मधले कलावंतही इथल्याच वाळूत सापडले. ४ मेला संध्याकाळी आठ वाजता सगळा देश दोन मिनिटं थांबतो. ट्रेनही थांबतात. त्या दिवशी इथे घंटा वाजत असते आणि लोक न बोलता रांगेने थडग्यांजवळून जातात. हान्नीसाठी वेगळा स्मरणदिन नोव्हेंबरच्या शेवटी हार्लेममध्ये असतो.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना फ्रेडीच्या वेण्यांपासून सांगायला सुरुवात करा. चप्पल नको, बूट घाला, वाट चढाची आणि रेताड आहे, आणि समुद्रावरचा वारा मे महिन्यातही बोचतो.